भाऊंचं कुलूप

चिपळूणच्या एका बाईंची मेल मी अजून जपून ठेवली आहे. "मॅडम, मी तुमचा होडीचा खेळ चारशे नव्व्याण्णव रुपये भरून विकत घेतला. आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हती. तेव्हापासून जाळ्यात एकही मासा लागत नाही. माझं काय चुकलं?"

या मेलला मी तीन वेळा उत्तर लिहिलं आणि तीनही वेळा पुसून टाकलं. खरं उत्तर एवढंच होतं की बाई, तुमचं काहीही चुकलेलं नाही, आमच्या भाऊंना तुम्ही चोर वाटलात. पण असं गिऱ्हाइकाला कसं लिहिणार?

भाऊ म्हणजे माझे त्या वेळचे बॉस. लालबागला एका इंडस्ट्रियल इस्टेटीत, लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसच्या शेजारी, दुसऱ्या मजल्यावर त्यांची व्हिडिओ गेम बनवायची कंपनी होती. कंपनी म्हणजे तीन माणसं. भाऊ प्रोग्रॅम लिहायचे, शंतनू चित्रं काढायचा आणि मी उरलेलं सगळं करायचे. उरलेलं सगळं म्हणजे मुख्यतः भाऊंच्या वतीने लोकांची माफी मागणं.

मी गिरगावातल्या नोकरदार घरातली. आमच्याकडे बॉस म्हणजे टेबलामागे बसणारा, सही करणारा माणूस. भाऊ टेबलाखाली सापडायचे. संध्याकाळी सगळ्या कॉम्प्युटरच्या मागच्या वायरी मोजायचे, कोणी काही जोडलंय का ते बघायला. पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, खिशात दोन पेनं, आणि दोन्ही पेनांवर चिकटपट्टी लावून बारीक अक्षरात स्वतःचं नाव. ऑफिसच्या वायफायचा पासवर्ड ते रोज बदलायचे. आदल्या दिवशी त्यांच्या डब्यात जी भाजी आली असेल तिचं नाव इंग्रजी स्पेलिंगमध्ये, आणि पुढे चपात्यांचा आकडा. सकाळी कामाला बसायचं तर आधी आठवायला लागायचं की काल भाऊंनी काय खाल्लं. एकदा शंतनू अर्धा दिवस बसून राहिला, कारण आम्हाला दोघांनाही ती काळ्या वाटाण्याची आमटी वाटत होती आणि ती निघाली चवळी.

"भाऊ, आपण तिघंच आहोत इथे. चोरणार कोण?" मी म्हटलं.

"शेजारी पत्रिकावालो आसा ना," ते म्हणाले. मालवणी त्यांच्या तोंडात अशी मध्येच यायची, चिडले की जास्त. "कालपासून तो हसून बघतो माझ्याकडे."

पत्रिकावाला बिचारा सगळ्यांकडेच हसून बघायचा. त्याचा धंदाच तसा होता.

आमचा खेळ होता कोळ्याच्या होडीचा. खेळणाऱ्याने पहाटे होडी काढायची, वारा बघायचा, जाळं टाकायचं, मासे घेऊन बंदरावर परत यायचं. कल्पना भाऊंची, आणि ती सुंदर होती हे मी आजही मान्य करते. त्यापायी त्यांनी आमची तीन वर्षं घेतली. तीन वर्षं कशात गेली ते सांगते. होडीचं लाकूड करकरतं ना, तसले आवाज इंटरनेटवर फुकट मिळतात. शंतनूने दहा मिनिटांत वीस काढून दिले.

"हे कोणाचे?" भाऊंनी विचारलं.

"कोणाचे म्हणजे? फुकट आहेत."

"फुकट असले तरी कोणीतरी लाकूड करकरवलं असेलच ना? त्याला विचारलंस?"

मग भर मे महिन्यात आम्ही दोन दिवस रे रोडच्या लाकडाच्या वखारीत. मी माइक धरून उभी, शंतनू फळ्यांच्या थप्पीवर चढून डाव्या-उजव्या बाजूला डोलतोय, आणि खाली भाऊ डोळे मिटून सांगतायत, "जरा हळू. वारा पडलाय असं समज." वखारीतले हमाल काम सोडून बघायला जमले. त्या आवाजात मागे एका ट्रकचा हॉर्न आला आहे. तो काढता आला नाही. आजही आमच्या खेळात भर समुद्रात नीट कान दिला तर एक ट्रक मागे येतो.

अशा माणसाने किंमत ठरवायची म्हटल्यावर काय होणार? भाऊंना आठशे रुपये हवे होते. शंतनूला तीनशे. माझं म्हणणं होतं की बाबांनो, आपल्याकडे कॉलेजातला पोरगा, नुकता नोकरीला लागलेला माणूस, हेच गेम खेळतात. त्याला मोबाइलवर फुकट खेळ मिळतात. तो आठशे का देईल?

"पिक्चरला देतो. पॉपकॉर्नला देतो," भाऊ म्हणाले.

"पॉपकॉर्न इंटरनेटवर फुकट मिळत नाही," शंतनू म्हणाला.

त्यावर भाऊ दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्याच आठवड्यात ऑफिसच्या खिडकीला पडदा घ्यायला मी त्यांच्याबरोबर हिंदमाताला गेले होते. एका साध्या कापडावर त्यांनी पाऊण तास घासाघीस केली. दुकानदाराने शेवटी हात जोडले. बाहेर आल्यावर मी न राहवून विचारलं, "भाऊ, त्या माणसाने पण किंमत ठरवलेलीच होती ना?"

"कापडाची किंमत विणणाऱ्याला कधीच मिळालीय. आता उरलीय ती दुकानदाराची," ते शांतपणे म्हणाले. "माझे वडील विणायचे. मला नको सांगू."

वडील परळच्या गिरणीत होते हे मला माहीत होतं. पण पडदा आखूड आला, आणि उरलेली दोन वर्षं दुपारी तीन ते साडेचार ऊन थेट माझ्या स्क्रीनवर पडायचं.

भाऊंच्या या कुलूपवेडाची मुळं मला एका दुपारी दादरला सापडली. आम्ही साबुदाणा वडा खायला बसलो होतो. पलीकडच्या टेबलावरून गळ्यात बँकेचं ओळखपत्र घातलेला एक माणूस उठून आला आणि त्याने भाऊंचा हातच धरला.

"सीडीवाले भाऊ ना तुम्ही? ओळखलं नाहीत? मी तुमच्याकडून पन्नास तरी गेम घेतल्या असतील! एका सीडीत तीन-तीन टाकून द्यायचात. माझं बालपण तुमच्यामुळे मजेत गेलं हो!"

भाऊंचा चेहरा उतरला. "दुसरं कोणतरी असेल," म्हणाले, आणि अर्धा वडा टाकून उठले. रस्त्यावर मी त्यांना गाठलं.

"भाऊ, तुम्ही चोरीच्या सीड्या विकायचात?"

"विकायचो."

"आणि आता आम्हाला रोज चवळी-चपाती टाइप करायला लावता?"

ते थांबले. फुलबाजाराच्या बाजूला एका बंद शटरशी उभं राहून त्यांनी मला सांगितलं. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते.

"मला वाटायचं गेम कंपनीतून येते. कंपनी म्हणजे काय? काचेची बिल्डिंग. तिचं काय जातं? कधी शेवटपर्यंत मी खेळलोच नव्हतो. धंदा करणार की खेळणार? एकदा तापाने घरी पडलो होतो, तेव्हा एक गेम पुरी केली. शेवटी नावं येतात ना, वर सरकत जाणारी? मी बघत पडलो होतो. त्यात एक सावंत होता. कुठला सावंत, काय माहीत. त्याने त्या गेममधलं पाणी केलं होतं. फक्त पाणी. मी उठून माझा स्टॉक बघितला. त्या गेमच्या सीड्या मीच लिहून ठेवलेल्या, स्केचपेनने. म्हटलं, ह्या सावंताला मी विकतोय आणि त्याला ठाऊकच नाही."

"मग बंद केलंत?"

"लगेच नाही गो. लगेच कोण बंद करतो? पण मजा गेली."

त्या दिवशी मला त्यांच्याबद्दल जे वाटलं ते जर टिकलं असतं तर हा लेख फार वेगळा झाला असता. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या पाण्याच्या बाटलीला माझ्या नावाची चिकटपट्टी लावून ठेवली होती, आणि शंतनूच्या बाटलीला शंतनूच्या. "सवय लागू दे," म्हणाले.

खेळ शेवटी चारशे नव्व्याण्णवला बाजारात आला आणि चौथ्याच दिवशी त्याची फुकट प्रत इंटरनेटवर आली. कोणीतरी कुलूप तोडलं होतं. मी आणि शंतनू डोकं धरून बसलो. भाऊ बाहेर गेले आणि तिघांसाठी पियूष घेऊन आले.

"प्या," ते म्हणाले. "त्यांनी बाहेरचं तोडलंय. आतलं त्यांना दिसलंच नाही."

तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. खेळात भाऊंनी आम्हाला न सांगता एक दुसरं कुलूप घातलं होतं. चोरलेल्या प्रतीत तीन दिवस सगळं सुरळीत चालायचं. चौथ्या दिवसापासून मासा लागत नसे. होडी चालायची, वारा वाहायचा, जाळं पडायचं, जाळं वर यायचं. रिकामं.

पुढच्या आठवड्यात लोकांनी इंटरनेटवर लिहायला सुरुवात केली. मासे लागत नाहीत. खेळात बिघाड आहे. कोणाला मासे मिळाले का? भाऊ एकेक मोठ्याने वाचायचे आणि मांडीवर थाप मारायचे. "हा बघ, आणखी एकाने कबूल केलं!"

बाहेरच्या जगाला मात्र हे कबुलीजबाब आहेत हे माहीत नव्हतं. जगाला एवढंच दिसत होतं की एक खेळ आहे आणि त्यात मासे नाहीत. विकत घेणारे विकत घ्यायचे थांबले.

"भाऊ, लोक म्हणतायत गेम बंडल आहे!" शंतनू ओरडला. "चोर म्हणतायत ते, पण वाचतायत सगळे!"

"खऱ्या माणसाला मासे मिळतात ना?"

खऱ्या माणसाला नेहमी मिळत नव्हते. खेळ दिवसातून एकदा आमच्या सर्व्हरला विचारायचा की हा मालक खरा का. इंटरनेट नसेल तर उत्तर मिळत नसे, आणि दोन दिवस उत्तर मिळालं नाही की आतलं कुलूप बसायचं. भाऊ लालबागमध्ये बसून हे ठरवत होते. चिपळूणला दोन दिवस लाइट जाते हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यांचं स्वतःचं गाव कणकवलीच्या पुढे, तिथे चार-चार दिवस जाते, तरीही नव्हतं.

मी त्या बाईंची मेल त्यांच्यापुढे ठेवली.

"बिल मागव," ते म्हणाले.

बाईंनी तासाभरात बिल पाठवलं.

"बिल काय, कोणीपण बनवेल. तिला सांग, बिलाच्या शेजारी आजचा पेपर ठेवून फोटो काढ."

"भाऊ, ही पळवून नेलेली माणसं नाहीत. गिऱ्हाईक आहे!"

"तुका काय वाटता, मी खुळो आसंय?"

खरं उत्तर दिलं असतं तर नोकरी गेली असती. मी ते पत्र लिहिलं. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी फोटो आला. ओटीवर बिल, बिलाशेजारी पेपर, आणि मागे कमरेवर हात ठेवून उभ्या स्वतः बाई. भाऊंनी फोटो मोठा करून तारीख वाचली. "रत्नागिरी आवृत्ती आहे," म्हणाले, आणि समाधानाने कुलूप काढलं. संध्याकाळी बाईंनी खेळाच्या पानावर आपलं मत लिहिलं. "खेळ चांगला आहे. मालक संशयी आहे." पाचापैकी एक चांदणी.

मी राजीनामा लिहून ठेवला होता. तो द्यायचं राहिलं याला कारण वरळी कोळीवाड्यातले तांडेल.

तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. हे आमचे तांडेल साठी उलटलेले, गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे दर्यावर जाणं बंद झालेलं. वारा कसा ओळखायचा, जाळं कुठे टाकायचं, भरतीला होडी कशी वळवायची, हे सगळं आम्हाला त्यांनी शिकवलं. खेळातला आवाजही त्यांचाच. जाळं ओढायची वेळ झाली की तेच ओरडतात. त्यांनी पैसे घ्यायला नकार दिला, म्हणून भाऊंनी त्यांच्या सुनेच्या लॅपटॉपवर खेळाची पहिली प्रत स्वतःच्या हाताने घालून दिली होती.

खेळ बाजारात येऊन दोन महिने झाल्यावर आम्हाला त्यांच्या आवाजात आणखी दोन वाक्यं हवी होती. भाऊ, मी आणि रेकॉर्डर, असे आम्ही दुपारी कोळीवाड्यात गेलो. गल्लीत वाळत घातलेल्या बोंबलांचा वास, आणि त्या गल्लीच्या टोकाशी तांडेलांच्या ओटीवर सातआठ माणसं लॅपटॉपभोवती बसून आरडाओरडा करत होती. पुढच्या घरातूनही तोच आवाज. त्याच्या पलीकडच्या घरातूनही. आमच्या होडीचं लाकूड करकरत होतं, आणि मध्येच रे रोडचा ट्रक.

"या, या!" तांडेल म्हणाले. "बसा. आता भाचा हरतोय बघा."

मी स्क्रीनकडे बघितलं. डाव्या कोपऱ्यात मासे मोजणारा आकडा असतो. तो शून्य होता.

"तांडेल, किती दिवस झाले मासा लागून?" मी विचारलं.

"मासा? पहिले तीन दिवस लागला. मग नाय."

"दोन महिने? मग आम्हाला सांगितलं नाहीत?"

"सांगायचं काय त्यात?" ते म्हणाले. "मला वाटलं मुद्दाम केलंय. पहिले तीन दिवस लागला तेव्हा म्हटलं, ह्या पोरांना काय ठाऊक नाय, एवढा मासा आता हाय कुठे? मग बंद झाला. म्हटलं, हां! आता बरोबर केलं. आता दर्या असाच हाय. जाळं टाकायचं, रिकामं घ्यायचं, घरी यायचं."

ज्या माणसाने आम्हाला समुद्र शिकवला त्यालाच आमच्या खेळाने चोर ठरवलं होतं, आणि त्याने दोन महिने रोज रिकामं जाळं ओढलं होतं, तेही आमचं कौतुक करत. मी भाऊंकडे बघितलं. म्हटलं, आता तरी हा माणूस हात जोडेल.

भाऊंनी विचारलं, "तांडेल, तुम्ही ही गेम कोणाला दिलीत का?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"दिली की!" तांडेल म्हणाले. "भाच्याला दिली. त्याने समोर दिली. आता सगळ्या गल्लीत हाय."

"बघ!" भाऊ माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "बरोबर पकडलं कुलपाने! दोन कॉम्प्युटरच्या वर गेली की कुलूप बसतं. बरोबर पकडलं!"

"काय पकडलं?" तांडेलांनी विचारलं.

भाऊंनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. चोरीची प्रत, आतलं कुलूप, मासे का लागत नाहीत. मी रेकॉर्डरची वायर गुंडाळत बसले, उठून पळायला तयार.

"म्हणजे मी चोर," तांडेल म्हणाले.

"तसं नाही, पण..."

"तू मला ही गेम दिलीस ना? स्वतःच्या हातानं?"

"दिली. तुम्हाला दिली."

"मग ती माझी. उद्या मी माझं जाळं भाच्याला दिलं, तर जाळं विणणारा येऊन दर्यातला मासा बंद करतो काय?"

"जाळं एक असतं, तांडेल. तुम्ही दिलंत की तुमच्याकडे राहत नाही. ही गेम तुमच्याकडे पण राहते आणि त्याच्याकडे पण जाते."

"मग उलट बरंच हाय की!" तांडेल म्हणाले. "कोणाचंच काय गेलं नाय."

"माझं गेलं!" भाऊंचा आवाज चिरकला. "तीन वर्षं गेली माझी! ह्या पोरीची गेली. तिकडे एक पोरगा दोन दिवस फळीवर डोलत होता, त्याची गेली. तेवढ्याची किंमत म्हणून चारशे नव्व्याण्णव मागितले तर जास्त झाले?"

तांडेल म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस, तर मी कोणाला दिली नसती. माणसाला सांगायचं. मासे कसले बंद करतोस?"

तेवढ्यात भाच्याने विचारलं, "पण आता शर्यत पुरी करू का?"

तेव्हा आम्हाला कळलं की गल्ली खेळत काय होती. मासे लागत नाहीत म्हटल्यावर या लोकांनी मासेमारी सोडून दिली होती. बंदरातून होडी काढायची, लांबच्या खडकाला वळसा घालायचा आणि कोण आधी परत येतो ते बघायचं. एका लॅपटॉपवर एकजण, दुसऱ्यावर दुसरा, आणि ओट्यावरून कोणीतरी घड्याळ लावणार. वाऱ्याचा अंदाज, भरतीला वळणं, भाऊंनी जीव ओतून जे सगळं त्या खेळात घातलं होतं, ते मासे पकडताना कोणाच्या लक्षातही येत नव्हतं. इथे त्याच्यावर हार-जीत ठरत होती.

"खडकाला कुठून वळता?" भाऊंनी विचारलं. आवाज अजून रागाचाच होता.

"डावीकडून. उजवीकडे पाणी ओढतं."

"ओढत नाही. मी लिहिलंय ते. उजवीकडूनच जवळ पडतं."

"बस मग," तांडेल म्हणाले आणि लॅपटॉप सरकवला.

भाऊ बसले. स्वतः लिहिलेल्या समुद्रात, स्वतः बांधलेल्या होडीत, ते तांडेलांकडून तीन वेळा हरले. तिसऱ्या वेळी उजवीकडच्या पाण्याने त्यांना असं ओढलं की होडी खडकावर गेली. सगळी गल्ली हसली. भाऊ मात्र स्क्रीनकडे बघत पुटपुटत होते, "हे मी कधी लिहिलं?"

परत येताना वरळी नाक्यापाशी भाऊ म्हणाले, "बंद करायला हवं ते."

"हो ना!" मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हातच धरला. "खरंच बंद करा भाऊ, किती लोकांना त्रास..."

"मासे गो," ते म्हणाले. "मासे बंद करू सगळ्यांचेच. शर्यतच ठेवू."

मी हात सोडला.

मासे आम्ही राहू दिले, शंतनूने जवळजवळ उपोषण केलं म्हणून. पण दीड महिन्यात खेळात शर्यत आली. भाऊंनी ती ज्यांनी खेळ विकत घेतला होता त्यांना फुकट दिली. कुलूप तसंच राहिलं, फक्त आता मासे गायब व्हायच्या ऐवजी पडद्यावर एक ओळ यायची, "ही प्रत विकत घेतलेली दिसत नाही. घेतली असल्यास कळवा." तेवढं मी भांडून मिळवलं.

शर्यतीच्या कामाच्या शेवटच्या दिवशी भाऊंनी मला खेळाच्या अखेरीस येणाऱ्या नावांची यादी तपासायला दिली. आमच्या तिघांच्या आणि तांडेलांच्या नावाखाली एक नवीन ओळ होती, "शर्यतीची कल्पना", आणि खाली अकरा नावं. भाचा, समोरच्या घरातले दोघे भाऊ, घड्याळ लावणारा, सगळे. आडनावांसकट. ती नावं आणायला ते एकटेच परत कोळीवाड्यात जाऊन आले होते.

"भाऊ, ह्यांच्यापैकी एकानेही गेम विकत घेतलेली नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"मग?"

"आपण पण त्यांची कल्पना विकत घेतली नाही ना? त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि आपण उचलली. स्पेलिंग नीट बघ. एकाचं नाव चुकलं तर मला रात्रभर झोप लागायची नाही."

राजीनामा मी त्याच दिवशी फाडला. पुढे दोन वर्षं मी तिथे राहिले आणि त्या दोन वर्षांत निदान दहा वेळा तो पुन्हा लिहिला.

कंपनी चालली नाही. खेळ खेळणाऱ्यांना आवडायचा, पण आवडणारे थोडे आणि विकत घेणारे त्याहून थोडे. शंतनू बंगळुरूला मोठ्या स्टुडिओत गेला. मला लोअर परळला एका विमा कंपनीत नोकरी लागली. गाळा सोडताना भाऊंनी पडदा काढून घडी घालून मला दिला. तो माझ्या कुठल्याच खिडकीला बसत नाही.

मागच्या महिन्यात मी नवीन लॅपटॉप घेतला आणि सहज आमचा खेळ त्यावर घातला. वाटलं, एकदा खडकाला वळसा घालून येऊ. खेळ उघडला नाही. पडद्यावर ओळ आली, "नवीन कॉम्प्युटर दिसतो. कृपया फोन करा," आणि खाली भाऊंचा मोबाइल नंबर.

मी फोन लावला.

"बोला," पलीकडून आवाज आला.

"भाऊ, मी बोलतेय. हे काय केलंय तुम्ही?"

"अगो बाय! तू? काय गो, बरी आहेस ना? काय केलंय म्हणजे? सर्व्हरचं भाडं परवडेना. म्हणून तो काढला. आता मीच आहे."

"तुम्ही म्हणजे?"

"लोक फोन करतात, मी बोलतो, माणूस खरा वाटला की कोड सांगतो. कणकवलीला असतो मी आता. इथे वेळ असतो."

"भाऊ, सरळ कुलूप काढून टाका ना! कंपनी राहिली नाही, खेळ कोणी विकत नाही, कोणासाठी चाललंय हे?"

"असं कसं काढणार? लोक फोन करतात ना. काल एक चिपळूणच्या बाई होत्या, त्यांच्या भाचीला खेळायचं होतं. पाऊण तास बोलल्या. परवा एक नाशिकचा होता, त्याने तर गेम चोरलेलीच होती, बोलता बोलता स्वतःच म्हणाला."

"मग त्याला काय केलंत?"

"त्याच्याशी जरा जास्त वेळ बोललो."

"आणि कोड?"

"दिला. तास-सव्वा तास ऐकून घेतलं त्याने माझं. चारशे नव्व्याण्णवला एवढं कोण ऐकतो?"

मी कपाळाला हात लावला. मग आमचंही बोलणं लांबलं. तांडेलांचे गुडघे बदलले ते कळलं. शंतनूला मुलगी झाली ते मी सांगितलं. त्यांनी आंबा, लाइट आणि शेजाऱ्याच्या कुंपणाबद्दल सांगितलं. कुंपणाला त्यांनी तीन कुलपं लावली आहेत. पन्नास मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब गो, दुसरा फोन येतोय, गिऱ्हाईक असेल. ठेवतो, हां?" आणि ठेवला.

कोड द्यायला ते विसरले होते. मी परत फोन लावला. लाइन बिझी होती. अर्ध्या तासाने लावला, तरी बिझी होती.